लॅनोच्या रानातले फीडर : कामाच्या नोंदी (जून 2024 ते जानेवारी 2025)

8 जून 2024, शनिवार

सीडर पार्कच्या घरून पहाटे निघालो, सव्वासातला लीजच्या फाटकाशी. टेक्ससमधली लॅनो काउंटी, 140 एकर, चौघांत भाड्याने घेतलेली. जमीन मालकाची, त्यात चरणारी गुरंही त्याचीच. आपल्याकडे फक्त शिकारीचा हक्क, तोही वर्षाच्या बोलीवर. या राज्यात बहुतेक सगळी जमीन खाजगी आहे, त्यामुळे शिकार करायची तर एकतर जमीन हवी नाहीतर असं लीज. आणि खाजगी जमिनीवर मका टाकून हरणांना बोलावणं इथे कायद्यात बसतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बसत नाही.

चौघांत इंजिनिअर मी एकटा, म्हणून फीडरचं, म्हणजे मका फेकणाऱ्या यंत्रांचं, खातं माझ्या गळ्यात पडलं.

जुने तीन फीडर आहेत. रचना सगळ्यांची एकच: लोखंडी तिकाटण्यावर 55 गॅलनचा ड्रम, ड्रमच्या बुडाला नरसाळं, नरसाळ्याखाली मोटर आणि मोटरच्या दांड्यावर पत्र्याची चकती. टायमर ठरल्या वेळी मोटरला वीज देतो, चकती काही सेकंद गरगरते, मका चौफेर उडतो. आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत याहून जास्त भाग होते. तरी तिनातला एकच चालू आहे, आणि तोही कधी फिरतो ते कुणाला माहीत नाही. ओढ्याकाठचा एक आडवा पडला आहे. मालकाच्या गाईंनी पाय खाजवून खाजवून पाडला असणार. लोखंडावर तांबूस केस चिकटले होते.

हंगाम 2 नोव्हेंबरला उघडतो. अजून पाच महिने आहेत. म्हातारबुवा (आमच्यातले चौथे, निवृत्त शिक्षक, या रानात चाळीस वर्षं फिरलेले) म्हणाले, "महागातला टायमर घे आणि विसरून जा." म्हटलं, आधी जुने का मेले ते बघतो.

9 जून, रविवार

बाबांना वाशिमला फोन. पेरणीची घाई चालली आहे, पाऊस कधी पडतो याकडे डोळे. नवीन काय म्हणून विचारलं तर फीडरचं सांगून बसलो.

"म्हंजे आमी अठी रातभर जागून रोही हाकलतो, अन् तू तठी हरणाले मका चारून राह्यला? इकत घेऊन?" (रोही म्हणजे नीलगाय.)

"हो."

"अन् मंग मारतं?"

"हो."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काही खरं नाही बाप्पा तुमचं."

22 जून, शनिवार

मेलेले दोन्ही फीडर उघडले. पहिल्याच्या टायमरच्या डबीचं झाकण काढलं आणि हात झटकून मागे सरलो. आत लाल मुंग्यांचं वारूळ. इथल्या या फायर अँटना विजेच्या जोडण्यांचं काय वेड आहे कळत नाही. रिले (विजेवर चालणारा स्विच) असो, साधा स्विच असो, त्या नेमक्या तिथेच जाऊन बसतात. मेलेल्या मुंग्यांचा आणि मातीचा लगदा रिलेच्या दोन पट्ट्यांमध्ये असा घट्ट बसला होता की तो वाजत असेल, पण जुळत नसेल. डबीला वायर आत जायला पेन्सिलएवढं भोक. वायर त्याच्या निम्म्या जाडीची. उरलेल्या जागेतून सगळं साम्राज्य आत गेलं.

दुसऱ्याचं दुखणं वेगळं. बॅटरी 6 व्होल्टची, मीटरवर 5.1. ती गेलीच होती, पण टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली आणि मोटरच्या वायरीचं आवरण उंदरांनी कुरतडलेलं. सौर पट्टी शाबूत, फक्त तिचं तोंड उत्तरेकडे. बसवणाऱ्याने गाडी जिथे उभी होती तिथूनच हात लांब करून बसवली असावी.

म्हणजे दोघांतही टायमरची इलेक्ट्रॉनिक्स मेलेली नव्हती. हे लिहून ठेवतो, कारण दुकानात गेलं की सगळे टायमरच्या बटणांबद्दलच बोलतात.

29 जून, शनिवार

खरेदी. दुकानात टायमरची अख्खी भिंत आहे. मोबाइलवरून चालणारा एक होता: ॲपवर बटण दाबा, रानात मका पडेल. ओढ्याच्या खोलगटात फोनला एक काडीही रेंज येत नाही, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. शिवाय महिन्याचं भाडं वेगळं.

तीन घेतले. नावं लिहीत नाही, अक्षरं देतो.

क : 12 व्होल्ट, मोठी पडदी (डिस्प्ले), दिवसाला आठ वेळा लावता येतात, 30 डॉलर.

ख : 6 व्होल्ट, घड्याळच नाही, उजेडाच्या डोळ्यावर चालतो. दिवस उगवला-मावळला हे स्वतः ओळखतो.

ग : 12 व्होल्ट, पडदी बोटाच्या नखाएवढी, तिला दिवासुद्धा नाही. 75 डॉलर. विकणारा म्हणाला की हा कुणी परत आणत नाही. तेवढं एकच त्याच्या बाजूने बोलला.

ख वरून आठवलं. 8 एप्रिलला इथे खग्रास ग्रहण झालं, भर दुपारी चार मिनिटं अंधार. आमच्या पलीकडच्या लीजवाल्याचं म्हणणं आहे की त्याच्या उजेडवाल्या फीडरने त्या दुपारी मका उधळला. खरं-खोटं तो जाणे. पण यंत्राच्या जागी मीही फसलो असतो.

13 जुलै, शनिवार

गॅरेजमधली चाचणी. बाहेर 38 अंश, बायकोने पंखा आणून दिला आणि "ऑफिसात हेच करतोस ना रे?" असं विचारून गेली. हो, हेच करतो, फक्त तिथे मका नसतो.

आधी वीज किती खातात ते मोजलं. मोटर भाराखाली साधारण 4 अँपिअर ओढते. ऐकायला भरपूर वाटतं. पण सकाळ-संध्याकाळ चार-चार सेकंद धरले तर दिवसाचे 32 अँपिअर-सेकंद, म्हणजे 0.009 अँपिअर-तास. काहीच नाही. आता क टायमर नुसता बसून किती खातो? 6 मिलिअँपिअर. गुणिले 24 तास, 0.144 अँपिअर-तास. म्हणजे मका फेकायला लागते त्याच्या सोळापट वीज तो वेळ बघत बसण्यात घालवतो! 7 अँपिअर-तासांची बॅटरी सौर पट्टीशिवाय 46 दिवसांत खल्लास.

ग चा बसता खर्च 0.4 मिलिअँपिअर. तीच बॅटरी कागदावर वर्षभर चालेल. प्रत्यक्षात चालणार नाही, कारण शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते. पण टायमरमुळे तरी मरणार नाही. पडदीला दिवा का नाही ते आता कळलं.

खोक्यावर मोटरची ताकद ठळक अक्षरांत असते. बसत्या खर्चाचा आकडा मात्र तिन्हींपैकी एकाही खोक्यावर नाही.

14 जुलै, रविवार

आज मुद्दाम छळलं. बॅटरीऐवजी कमी-जास्त करता येणारा पुरवठा जोडला आणि व्होल्टेज हळूहळू उतरवत नेलं. रानातली बॅटरी अशीच मरते, एका झटक्यात नाही.

क ची पडदी 7 व्होल्टपर्यंत झकास दिसते. इथेच गोम आहे. पुरवठा 10 च्या खाली गेला, मोटर सुरू झाली की तिच्या पहिल्या ओढीने व्होल्टेज क्षणभर कोसळतं, टायमर बेशुद्ध पडतो, मोटर थांबते, व्होल्टेज वर येतं, टायमर शुद्धीवर येतो. आणि शुद्धीवर आला की त्याच्या जगात मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. घड्याळ गेलं, लावलेल्या वेळा तशाच. म्हणजे सकाळी सव्वासातला फेकायला निघालेला गडी तिथून पुढे सव्वासात तास उशिरा चालणार. दुपारी अडीचला मका. पाहायला गेलो तर पडदी चालू, बॅटरी "ठीक", चकती फिरते, सगळं नीट. फक्त हरणं नाहीत.

म्हातारबुवांना फोन करून विचारलं, तीन वर्षांपूर्वी असं काही झालं होतं का? म्हणाले, "ऑक्टोबरात एकदा दुपारी जेवत होतो तेव्हा उडाला होता. आम्हाला वाटलं कुणीतरी वेळ बदलली." त्यावरून दोन भागीदारांत आठवडाभर अबोला होता म्हणे.

ग च्या आत घड्याळापुरता वेगळा नाण्याएवढा सेल आहे. मुख्य बॅटरी काढून दोन तास ठेवली, परत लावली, घड्याळ सेकंदावर. 10 व्होल्टच्या खाली तो मोटर सुरूच करत नाही आणि पडदीवर तसं लिहून दाखवतो. नाही जमत तर नाही म्हणतो. मला हा टायमर माणूस म्हणून आवडला.

ख : घड्याळच नाही तर बिघडणार काय. पण गॅरेजचा दिवा लावला-मालवला तर दिवस मोजतो. अंधाराची खात्री करायला थोडा वेळ घेतो, तेवढं शहाणपण आहे.

27 जुलै, शनिवार

बॅटऱ्या आणि सौर पट्ट्या. रानात ड्रमखालच्या डबीत थर्मामीटर ठेवला होता, दुपारी 54 अंश. शिशाच्या बॅटरीचा ठोकळ हिशेब असा की 25 च्या वर दर 10 अंशांना तिचं आयुष्य निम्मं. म्हणून डबी ड्रमच्या सावलीत, उत्तर बाजूला. पट्टी मात्र दक्षिणेला, साधारण 30 अंश कलून, कारण इथला अक्षांश तेवढाच.

दोन पट्ट्यांपैकी एकीत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नव्हता. रात्री ती बॅटरीतून उलटी 3 मिलिअँपिअर पीत होती. दिवसा कमवायचं, रात्री उडवायचं. चार आण्यांचा डायोड डागला.

वायरीची भोकं सिलिकॉनने बुजवली, टर्मिनलवर ग्रीस चोपडलं, वायरी प्लंबिंगच्या पातळ नळीतून घेतल्या. उंदराला वेळ लागेल.

10 ऑगस्ट, शनिवार

बादली-चाचणी. चकतीभोवती ताडपत्री गुंडाळून खाली बादली. 5 सेकंद: 4.6 पौंड. 10 सेकंद: 9.7. पहिला अर्धा सेकंद मोटर वेग घेण्यात जातो, म्हणून दुप्पट वेळेला दुपटीहून थोडं जास्त. चकती आणि नरसाळ्याचं तोंड यांतलं अंतर बोटाच्या पेराएवढं होतं. निम्मं केलं तर धार बारीक झाली, पण मक्याच्या कणसाचा एक तुकडा अडकला आणि बंदच पडली. परत वाढवलं.

4 सेकंद ठरवले. दोन वेळचा मिळून दिवसाला सात पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वातीन किलो. ड्रममध्ये 330 पौंड मका मावतो. दीड महिना पुरेल. गोणी 50 पौंडांची, साडेनऊ डॉलरला. हिशेब बाबांना सांगणार नाही.

मका म्हणजे काही हरणाचं पोषण नव्हे, ही बोलावण्याची खिरापत आहे. एकदम ढीग टाकला तर त्यांचं पोट बिघडतं. रवंथ करणारं जनावर, एवढ्या पिठूळ खाण्याची सवय नसते. म्हणून थोडं आणि रोज.

31 ऑगस्ट, शनिवार

उभारणी. मी, ऑफिसातला भागीदार आणि त्याचा मुलगा. जमीन खणायला घेतली आणि गावाकडची आठवण आली: लॅनोचा ग्रॅनाइट कुजून झालेला लालसर मुरूम, अगदी आपल्याकडचा वाटावा असा. पहार खणकन वाजते आणि हातात झिणझिण्या. भोवती मेस्किट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, आणि फड्या निवडुंग. फरक एवढाच की निवडुंगाच्या आडून साप निघाला तर तो घुंगरू वाजवून सांगतो.

फीडरभोवती कुंपण हवं, नाहीतर सगळा मका रानडुकरांच्या पोटात. 34 इंच उंचीच्या, 16 फूट लांबीच्या जाळीच्या पट्ट्या मिळतात. हरीण सहज उडी मारतं, पाडसंसुद्धा थोडी मोठी झाली की मारतात. डुक्कर मारत नाही. बारा पट्ट्या जोडल्या तर घेर 192 फूट, व्यास 61. हे गणित आधी केलं ते बरं, कारण आठ पट्ट्यांत भागवायचा विचार होता आणि व्यास 41 झाला असता. ताडपत्र्या अंथरून पाहिलं तर दाणे 25 फुटांपर्यंत जातात. आठांच्या कुंपणात बराच मका बाहेर, डुकरांच्या पंगतीला.

गाईही बाहेर राहतात हा वरचा फायदा. तिकाटण्याचे पाय दोन फुटी सळ्यांनी जमिनीला जखडले.

ओढ्याकाठी क, तळ्याजवळ ग, वरच्या ओक झाडांत ख. तिन्हींवर कॅमेरे. तिन्ही नवे घेऊन एकाच जातीचे लावावेत असं म्हातारबुवांचं मत. मला एक हंगाम तुलना हवी आहे. क ला बॅटरी नवी कोरी आणि डायोडवाली पट्टी दिली. खोड माहीत असल्यावर निदान तिला वाव तरी द्यायचा नाही.

14 सप्टेंबर, शनिवार

कॅमेऱ्याची चित्रं पाहत दोन तास गाडीतच बसलो. तळ्याजवळ रात्री 2:10 ला एक रॅकून (हातासारखे पंजे असलेला इथला निशाचर) तिकाटण्याचा पाय चढून वर येतो, एका हाताने नळीला लटकतो आणि दुसऱ्या हाताने चकती फिरवतो. मका पडतो. खाली त्याची तीन पोरं. एक फेरी, थांबा, पुन्हा एक फेरी. असं चाळीस मिनिटं. टायमर कितीही विश्वासू असो, हा स्वतःच टायमर आहे.

जाळीचा पिंजरा बसवला मोटरभोवती. जाळीचं भोक एवढं हवं की मका सुटेल आणि पंजा आत जाणार नाही. पंजा बारीक असतो, पण हात कोपरापर्यंत लांब. म्हणून चकतीच्या कडेपासून पिंजरा जितका दूर तितका बरा.

पुढची चित्रं. 11 तारखेला सकाळी 7:20. पांढऱ्या शेपटीच्या चार माद्या, आणि त्यांच्या मागे ठिपक्यांची पाठ. मी मान पुढे केली. चितळ! शिंगं तीन टोकांची, पाठीवर पांढरे ठिपके, अगदी मेळघाटच्या पोस्टरवरचा. इथे त्याला ॲक्सिस म्हणतात. 1932 च्या सुमारास भारतातून आणून सोडला आणि तो टेक्ससमध्ये असा रुळला की आता इथल्या मूळ हरणांच्या चाऱ्यात वाटेकरी झाला आहे. परदेशी जनावर म्हणून त्याला हंगाम नाही, परवाना असेल तर बारा महिने मारता येतो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने त्याला हात लावला तर तुरुंग. दक्षिण टेक्ससमध्ये रोहीसुद्धा आहेत, 1930 च्या सुमारास आणलेले. इथेही नाव नीलगायच, उच्चार तेवढा 'निलगाय'.

चित्र बाबांना पाठवलं. उत्तर आलं: "यालेही मका?"

28 सप्टेंबर, शनिवार

आठवड्यात पाऊस झाला. ख चा ड्रम उघडला तर वरचा थर गोळा झालेला, वास आंबूस. झाकणाचा पट्टा नीट बसला नव्हता. माझीच चूक, घाईत एका हाताने ओढला होता. नरसाळ्यात लगद्याची डाट बसली होती. मोटर दोन दिवस रिकामीच फिरली.

ओला मका उकरून गोण्यांत भरला, परत नेला. नुसता वाळवून वापरू असं ऑफिसातला भागीदार म्हणत होता. नाही म्हटलं. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते वाळवून किंवा तापवून जात नाही. हरणांपेक्षा पक्ष्यांना ते जास्त बाधतं, आणि आमच्याकडे रानटर्कीचा पंचवीसेकांचा थवा रोज फीडरखाली येतो. इथे हरणांच्या मक्याच्या गोणीवर अब्जात 20 भागांपेक्षा कमी असं छापलेलं असतं. रस्त्याकडेला ट्रॉलीतून स्वस्तात मिळतो त्यावर काहीच नसतं. दोन डॉलर वाचवायला तो घ्यायचा नाही, हे चौघांच्या ग्रुपवर टाकलं. एकाने होकाराचा अंगठा टाकला. बाकी दोघांनी वाचलं.

12 ऑक्टोबर, शनिवार

फीडरवर कुणीच नाही. तीन दिवसांत एक रॅकून (पिंजऱ्याला लटकून विचार करणारा) आणि कबुतरं. ऑफिसातल्या भागीदाराचा मेसेज: "तुझे टायमर बिघडले." कॅमेऱ्यात मका वेळेवर पडताना दिसतो, तिन्हीकडे.

वरच्या ओकांखाली गेलो. पायाखाली एकॉर्नचा, म्हणजे ओकाच्या फळांचा, सडा, चालताना टचटच फुटत होते. सगळीकडे खुरं उमटलेली. हरणं गेली कुठे ते समजलं: घरी पुरणपोळी असताना खिरापतीला कोण येतं. यंदा आमच्या झाडांना भरघोस लागले आहेत. ते संपेपर्यंत फीडरला दोष द्यायचा नाही. तिन्हींचा वेळ 4 वरून 2 सेकंदांवर आणला, मका वाचवला.

26 ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा 4 सेकंद. ख च्या डोळ्यावर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. त्यामुळे त्याच्या लेखी गेले तीन-चार दिवस रात्रच. खरवडून काढलं, काच पुसली. आणखी एक: ओकाची सावली त्या डोळ्यावर आता लवकर पडते, सूर्य दक्षिणेकडे सरकला ना. संध्याकाळचा मका वीस मिनिटं आधी पडतोय. दिशा बदलली.

2 नोव्हेंबर, शनिवार

हंगामाचा पहिला दिवस. चारही जण रात्रीच मुक्कामाला. सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो. गोळी झाडायची मुभा त्याआधी अर्ध्या तासापासून. फीडर सव्वासातला लावलेले. मी तळ्याजवळच्या लपणात, पत्र्याच्या खोक्यात, थर्मासमधला चहा घेऊन. सव्वासातला अंधूक उजेडात घर्रर्र आवाज आणि मका जाळीवर गारांसारखा वाजला. दोन मिनिटांत पाच माद्या कुंपण ओलांडून आत. मी काही केलं नाही. यंत्र वेळेवर चाललं याचाच आनंद मोठा होता.

दुपारी म्हातारबुवांनी ओढ्याकडून एक मादी आणली. परवाना, टॅग, नोंद सगळं त्यांनीच केलं. त्यांचा हात बसलेला आहे. मला त्यातलं एक फऱ्याचं मटण मिळालं. सावजी मसाला घालून करायचं आहे, त्यांनाही डबा द्यायचा.

3 नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे दोनला अमेरिकेतली बहुतेक घड्याळं एक तास मागे गेली. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात, म्हणजे बहुतेक वर्षी हंगाम उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि दरवर्षी कुणीतरी फीडरची वेळ "दुरुस्त" करतं.

काल रात्री यावरून वाद. ऑफिसातल्या भागीदाराचं म्हणणं, टायमर बदलायलाच हवा, नाहीतर चुकीच्या वेळी फेकेल. मी म्हटलं, घड्याळ आपलं बदललंय, सूर्य तिथेच आहे. जुन्या वेळेवर सोडला तर नव्या घड्याळात सव्वासहाला फेकेल, सूर्य पावणेसातच्या पुढेमागे. अंतर तेच अर्धा तास. हरणाला मनगट नाही. तो ऐकेना. मग ठरलं: ओढ्याकाठचा क त्याने त्याच्या मताने लावायचा, तळ्याचा ग मी तसाच ठेवणार.

आज सकाळचं चित्र. तळ्याजवळ नव्या 6:15 ला मका, 6:18 ला माद्या, कालच्याच पाच. ओढ्याकाठी 6:12 पासून एक तरणा नर आणि दोन माद्या कुंपणात उभ्या, मान वर, ड्रमकडे बघत. वीस मिनिटं. मग निघून गेल्या. 7:15 ला मका पडला तेव्हा तिथे एक कार्डिनल पक्षी होता.

भागीदाराने चित्र पाहिलं, काही न बोलता टॉर्च घेतला आणि क ची वेळ परत बदलून आला. ख ला यातलं काही कळलंच नाही, तो आपला उजेडाबरोबर चालत राहिला. त्याचा हा एक गुण कबूल.

23 नोव्हेंबर, शनिवार

तिन्ही चालू. क ची बॅटरी 12.5, ग ची 12.7, ख ची 6.2. एकॉर्न संपत आले, गर्दी वाढली. लिहिण्यासारखं काही नाही.

14 डिसेंबर, शनिवार

क गेला. आठवडाभर ढग, वर पट्टीवर पक्ष्यांची शिट. बॅटरी 9.9. पडदीवर ऐटीत वेळ दाखवतोय, आणि ती वेळ पाच तास चुकीची. जुलैत गॅरेजमध्ये झालं तेच, फक्त इथे चिखल. बॅटरी बदलली, घड्याळ लावलं. पुढच्या हंगामात हा या रानात नसेल.

5 जानेवारी 2025, रविवार

हंगाम आज संपला. सामान आवरताना चौघांची बैठक, गाडीच्या मागच्या फळीवर.

खरेदीचं ठरलं: आणखी दोन ग. ख वर ओकांत राहील, त्याच्या डोळ्याला पत्र्याची टोपी करून देतो. म्हातारबुवा म्हणाले, "म्हणजे मी जूनमध्ये सांगितलं तेच." महागातला घे म्हणाले होते खरे. पण "विसरून जा" हा त्यांच्या सल्ल्याचा उत्तरार्ध मी बाद केला आहे. महिन्यातून एकदा झाकण उघडायचं, हे आता ग्रुपवर ठरलेलं आहे.

दुसरा विषय मी काढला. हरणांमधला तो मेंदू पोखरणारा रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. टेक्ससमध्ये तो 2012 साली पश्चिमेकडच्या ह्युको डोंगरातल्या म्युल हरणांत पहिल्यांदा सापडला, 2015 साली मेडिना काउंटीतल्या बंदिस्त पैदाशीच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत. लाळ, मूत्र, विष्ठा यांतून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. एकाच 25 फुटांच्या वर्तुळात रोज वीस तोंडं लागतात ती आमच्याच यंत्रामुळे. आमच्याकडे अजून असं आजारी जनावर दिसलं नाही. फेब्रुवारी ते ऑगस्ट मका पूर्ण बंद ठेवायचा, असं मी मांडलं. दोघे हो म्हणाले. ऑफिसातला म्हणाला, मग सप्टेंबरात पुन्हा सवय लावावी लागेल. लागेल. यंदा दोन आठवडे लागले होते.

क टायमर काढून गाडीत टाकला.

6 जानेवारी, सोमवार

बाबांशी बोलणं. हरभऱ्यात रोही शिरतायत. झटका मशीनच्या तारा बसवल्यात पण कळप दांडग्यांचा आहे, दोन खांब आडवे केले. फटाके फोडून थकलो म्हणाले. मग हळूच: "तुह्यं ते मका फेकाचं यंत्र, ते रात्री आपोआप चालू होते ना?"

"होतं."

"मग त्याले चकतीऐवजी नटबोल्ट बांधून डबा वाजवता येईन का?"

येईल की. क त्यासाठी अगदी योग्य. दिवसाला आठ वेळा लावता येतात, त्या आठही रात्रीच्या. त्याची खोड फक्त उतरलेल्या बॅटरीची, आणि झटका मशीनची बॅटरी 12 व्होल्टचीच आहे, ट्रॅक्टरच्या बॅटरीएवढी, रोज उन्हात भरणारी. 6 मिलिअँपिअर तिच्या खिजगणतीत नाही. वेळा मात्र एकसारख्या ठेवायच्या नाहीत, दर आठ दिवसांनी बदलायच्या, हे त्यांना सांगितलं. फेब्रुवारीत जातोय तेव्हा टायमर, मोटर आणि दांडा सामानात नेतो. डबा तेलाचा पंधरा किलोचा आहे म्हणाले.

"पण रोही लय हुशार असते," फोन ठेवता ठेवता म्हणाले. "चार दिवस भिईन. पाचव्या दिवशी त्याच डब्याले पाठ खाजवीन."

दोन फुटी सळ्याही नेतो.